वाटणी आणि सामाईक

मागील खेपेस जुन्या पोथ्या वाळवीपासून कशा जपाव्या याविषयीं आम्हीं चार शब्द लिहिले होते. त्यावर एका वाचकभगिनीनें विचारलें आहे कीं, पोथ्यांचें ठीक आहे. परंतु हल्लीं घरचा व दारचा सारा हिशेब संगणकांत गेला, त्याला वाळवी लागली तर काय करावें? प्रश्न थट्टेचा दिसतो, पण थट्टेचा नाहीं. योगायोग असा कीं, गेलें वर्षभर आम्ही याच प्रश्नाशीं झगडत होतों. आणि तेंही अशा एका यंत्राच्या निमित्तानें कीं, ज्याच्या पोटांत चार यंत्रें नांदावयाचीं होतीं. आमचें शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचें. हयात गेली ती मुलांकडून शब्दरूपें घोकून घेण्यांत. तेव्हां या विषयांत तुमचा अधिकार कोणता, असें कोणी विचारील तर उत्तर इतकेंच कीं, वाटणी आणि तिच्यामागून येणारीं दुःखें हीं आम्हीं घरीं पाहिलीं आहेत, आणि हा विषयही मुळांत वाटणीचाच आहे.

आमच्या अंबाजोगाईंत एक लहानशी पतसंस्था आहे. तिच्या ठेवी बहुतेक पेन्शनरांच्या, किरकोळ दुकानदारांच्या आणि ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबांच्या. नोकरींतून मोकळे झाल्यावर लोकांनीं आम्हांस तिच्या संचालक मंडळांत बसविलें. पात्रता एवढीच कीं, मंडळांतील निम्मे सभासद आमच्या हातच्या छड्या खाल्लेले. संस्थेच्या मागल्या खोलींत तीन संगणक होते व तिघांचे कारभारी तीन. संगणक हें नुसतें यंत्र होय. त्यास कामास लावणारा जो कारभारी त्यास ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, आणि एका कारभाऱ्याच्या हाताखालीं शिकलेला प्रोग्रॅम दुसऱ्याच्या हाताखालीं सहसा काम करीत नाहीं. रोजच्या हिशेबाचा प्रोग्रॅम विंडोज सर्व्हर २०१२ या कारभाऱ्याकडे होता. त्याच्या कर्त्यांनीं, जादा मोल मोजल्याखेरीज, त्याची डागडुजी १० ऑक्टोबर २०२३ पासून बंद केली. मोबाइलवर निरोप धाडण्याचें काम लिनक्सच्या सेंटओएस ७ या शाखेकडे होतें. तिचीही मुदत ३० जून २०२४ रोजीं सरली. आणि तिसरा, कोपऱ्यांतला, सर्वांत म्हातारा. संस्थेचीं पहिल्या कांहीं वर्षांचीं खातीं त्याच्या पोटांत, डॉस नांवाच्या जुन्या कारभाऱ्याच्या हाताखालीं, फॉक्सप्रोमध्यें लिहिलेलीं. हा प्रोग्रॅम सोळा बिटांच्या काळचा. आजचें चौसष्ट बिटांचें विंडोज त्यास दारांतही उभें करीत नाहीं. म्हणून त्या म्हाताऱ्यास हालवितां येत नव्हतें, आणि त्याच्यावांचून चालतही नव्हतें.

त्या वैशाखांत एके दुपारीं लाइट गेली, आली, पुन्हा गेली, आणि म्हातारा जो बसला तो उठलाच नाहीं. दुसऱ्याच दिवशीं धारूरकडील एक वृद्धा आली. नवऱ्याच्या पश्चात् ट्रंकेंत सांपडलेली ठेवीची पावती तिच्या हातांत होती. पावती खरी होती. परंतु ती ठेव पुढें मोडली होती कीं नाहीं, वारस म्हणून कोणाचें नांव लावलें होतें, हें सारें त्या बंद पेटींत. अकरा दिवस ती बाई येऊन बाकावर बसे आणि सायंकाळच्या एस.टी.नें परत जाई. एके दिवशीं तिनें आम्हांस विचारलें, "गुरुजी, कागद माझ्याजवळ हाय, मग पैसं कुठं गेलं?" आम्हीं अडतीस वर्षें मुलांस प्रश्न विचारले, त्या एका प्रश्नाचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. शेवटीं छत्रपती संभाजीनगरहून एक जाणता मनुष्य बोलावून डिस्क वांचविली. ठेव शाबूत निघाली, बाईस पैसे मिळाले. परंतु त्या अकरा दिवसांचा दोष आमच्या खात्यावर आहे. दोन वर्षांपूर्वीं "आहे तें चालतें आहे, खर्च कशाला?" असें म्हणून नव्या यंत्राचा ठराव हाणून पाडणारे संचालक आम्हीच होतों.

त्यानंतर मंडळानें आमचा एक जुना विद्यार्थी, जो पुण्यास याच कामांत आहे, त्यास बोलाविलें. त्यानें मांडलेली योजना अशी: तीन जुन्या यंत्रांऐवजीं तीन नवीं न घेतां एकच मोठा सर्व्हर घ्यावा, त्याचे विभाग पाडावे आणि प्रत्येक विभागांत आपापला कारभारी बसवावा. प्रत्येकास वाटावें कीं, सगळें यंत्र आपलेंच आहे. या सर्वांच्या वर जो एक पंच बसतो व कोणास काय द्यावयाचें तें ठरवितो, त्यास हायपरव्हायझर म्हणतात. "गुरुजी, एक वाडा आणि चार बिऱ्हाडें असें समजा," तो म्हणाला. कामें तीन असतां चौथें बिऱ्हाड कशास, असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, "नवा प्रोग्रॅम आधीं तेथें चालवून पाहावयाचा. आपण आम्हांस आधीं पाटीवर लिहावयास लावीत होतां, मग वहींत. तसेंच हें."

ही युक्ति नवी नाहीं. अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें १९६७ च्या सुमारास केंब्रिज येथील आपल्या प्रयोगशाळेंत एका यंत्रास अनेक यंत्रांचें सोंग घ्यावयास शिकविलें, आणि १९७२ सालीं व्हीएम/३७० या नांवानें तें सोंग गिऱ्हाइकांपुढें आणिलें. पुढें १९९९ सालीं व्यापारी व कारखानदार यांच्या आवडत्या एएस/४०० या यंत्राचे विभाग पाडतां येऊं लागले. २००१ सालीं त्याच्या वारस यंत्रांत लिनक्सला बिऱ्हाड मिळालें. आणि एका प्रोसेसरचा दहावा हिस्साही एखाद्या विभागास तोडून देतां येऊं लागला. २००५-०६ च्या सुमारास इंटेल व एएमडी यांनीं साध्या प्रोसेसरांतच या कामाची सोय केली, तेव्हां ही चैन आमच्यासारख्या लहान संस्थांच्याही आटोक्यांत आली. त्या १९९९ च्या व्यवस्थेंत एक गंमत होती. पहिला विभाग हा एकत्र कुटुंबांतील कर्त्यासारखा. तो बंद पडला कीं बाकीचे सारे त्याच्यामागून बंद. २००४ च्या यंत्रांत हें कर्तेपण त्याच्याकडून काढून यंत्राच्या अंगभूत पंचाकडे दिलें. आमच्या घरांतून कर्त्याचें कर्तेपण सुटावयास दोन पिढ्या लागल्या. त्यांनीं तें पांच वर्षांत उरकलें.

योजनेचा कागद तपासण्याचें काम आमच्याकडे आलें. यंत्रास सोळा कोअर, म्हणजे काम करणारे सोळा हात. आणि चौसष्ट जीबी मेमरी. मेमरीची वाटणी अशी: पंचास आठ, रोजच्या हिशेबास चोवीस, लिनक्सला बारा, म्हाताऱ्यास दोन, पाटीच्या बिऱ्हाडास आठ, एकूण चोपन्न, आणि दहा शिल्लक. बेरीज बरोबर होती. पुढें कोअरांची वाटणी पाहिली: हिशेबास आठ, लिनक्सला सहा, म्हाताऱ्यास एक, पाटीस सहा. एकूण एकवीस! आम्हीं लाल शाईचें पेन उचललें. सोळांतून एकवीस वाटणारा विद्यार्थी आम्हीं कधीं पास केला नव्हता.

तो हंसून म्हणाला, "गुरुजी, मेमरी म्हणजे खोल्या आहेत. कोअर म्हणजे आडाचें पाणी आहे." एवढ्यानें आम्हांस सारें उमजलें. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळीं विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली. तींत दायविभागाच्या प्रकरणीं त्यानें सांगून ठेविलें आहे कीं, विहिरीसारखा पाण्याचा सांठा भावांच्या संख्येप्रमाणें वांटला जात नसेल तर त्याची किंमत लावून वाटणी करूं नये. तो पाळीपाळीनें उपभोगावा. जाण्यायेण्याची वाटही त्यानें अविभाज्यच मानली आहे. खोलीची वाटणी ही देशाची वाटणी. एकानें व्यापिली कीं दुसऱ्यास नाहीं. पाण्याची वाटणी ही कालाची वाटणी; एकाची घागर भरली कीं दोर दुसऱ्याच्या हातीं. आमच्या जिल्ह्यांत शेतकरी अजूनही विहिरींतला चार आणे हिस्सा आणि पाण्याची पाळी हे शब्द बोलतात. प्रोसेसरचें तसेंच आहे. चौघांची गर्दी एकाच क्षणीं सहसा होत नाहीं, म्हणून सोळांत एकवीस बसतात. मात्र ३१ मार्चच्या सुमारास गर्दी झालीच तर हिशेबाची पाळी आधीं व पाटीची शेवटीं, हें हक्काचें प्रमाण पंचास अगोदर लिहून द्यावें लागतें. मेमरींत अशी उसनवारी करूं नये. करतां येते, पण निभत नाहीं. दहा खोल्या बारा जणांस भाड्यानें दिल्या तर दोघांस ओसरीवर निजावें लागतें, आणि संगणकाची ओसरी म्हणजे डिस्क. ती मेमरीहून फारच संथ. आम्हीं पेन खालीं ठेविलें व बेरीज बरोबर धरली.

भाड्याचा हिशेब निराळाच निघाला. विंडोज सर्व्हरच्या स्टँडर्ड परवान्यांत यंत्रांतील सर्व कोअरांचें, निदान सोळांचें, मोल भरावें लागतें, आणि त्यांत विंडोजचीं दोनच बिऱ्हाडें ठेवितां येतात. तिसरें आणावयाचें तर पुन्हा सगळ्या कोअरांचें मोल. म्हणून हिशेब व पाटी हीं दोनच विंडोजचीं ठेविलीं. पंच कोण नेमावा हाही विचार झाला. या धंद्यांत नांवाजलेली व्हीएमवेअर कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्यें ब्रॉडकॉमकडे गेली, आणि पुढच्याच महिन्यांत कायमचे परवाने विकणें बंद होऊन मुदतीच्या वर्गणीची रीत आली. दरसालचा हा बोजा आमच्या संस्थेस झेपणारा नव्हता. तेव्हां २००७ पासून लिनक्सच्या अंगांतच असलेला केव्हीएम हा पंच पसंत केला. म्हाताऱ्याचें दार बाहेरच्या जाळ्याकडे मुळींच उघडावयाचें नाहीं असें ठरलें. कारण त्यास आजच्या चोरांची ओळख नाहीं.

आणखी एक अडचण विद्यार्थ्यानें बीडच्या खजाना विहिरीचा दाखला देऊन समजाविली. निजामशाहीच्या काळीं बांधलेल्या त्या विहिरींत भुयारी वाटेनें पाणी येतें आणि भुयारी वाटेनेंच शेतांकडे जातें. विहीर केवढीही असो, शेतास पाणी मिळावयाचें तें त्या वाटेच्या तोंडाएवढेंच. सर्व्हरमध्यें डिस्ककडे जाणारी वाट तशीच आहे. चौघांनीं एकदम मागणें केलें तर सोळा हात नुसते वाट पाहत बसतात. म्हणून रात्रीची प्रत, जिला बॅकअप म्हणतात, ती चारही बिऱ्हाडांची एकाच वेळीं न काढतां एकामागून एक काढावी असें ठरलें.

येथवर आम्ही योजनेस शंभरांपैकीं सत्तर गुण देत होतों. उरलेले तीस ज्या गोष्टीकरितां राखले ती कागदावर नव्हती. आणि ती आम्हांस दिसली याचें कारण आमचें शहाणपण नव्हे, तर आमचा वाडा. आमच्या आजोबांनीं व त्यांच्या तीन भावांनीं वाटणीपत्र केलें तें इतकें चोख कीं, दिवाणखान्यांतील खुंट्यासुद्धां मोजून वांटल्या. आडाच्या पाळ्या लिहिल्या, देवडीची वाट लिहिली. परंतु चारही बिऱ्हाडांच्या माळवदाचा भार घेणारी जी मधली लांकडी तुळई, तिचें नांव त्या कागदांत कोठेंच नव्हतें. ती सर्वांची, म्हणून कोणाचीच नाहीं. प्रत्येकानें आपापल्या भिंतींस गिलावा केला, पावसापूर्वीं माळवदावर दरसाल नवी माती टाकली, म्हणजे तुळईवरचा भारच वाढविला. तिला लागलेली वाळवी पाहावयास शिडी मात्र कोणी लावली नाहीं. आम्ही दहा वर्षांचे असतां श्रावणांतल्या झडींत एके रात्रीं ती मोडली. माणसें ईश्वरकृपेनें वांचलीं. परंतु एकमेकांशीं न बोलणारीं चारही बिऱ्हाडें सकाळीं एकाच चिंचेखालीं भिजत बसलीं होतीं.

तीन यंत्रें निरनिराळीं होतीं तेव्हां एक बसलें तरी दोन चालत असत. आतां एकाच छपराखालीं चौघे. तुळई मोडली तर चौघेही. हें भय पोकळ नव्हे. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार २४ फेब्रुवारी २०२१ रोजीं सकाळीं ११-४० वाजतां थांबले ते दुपारीं ३-४५ ला पुन्हा सुरू झाले. निमित्त झालें तें बाहेरच्या दोन कंपन्यांच्या लाइनी बंद पडल्याचें. परंतु त्यामागोमाग अनेक यंत्रांनीं मिळून वापरावयाचा डिस्कांचा सामाईक सांठाच हातीं लागेनासा झाला, व जोखीम मोजणारी यंत्रणा खोळंबली. एवढ्या श्रीमंत घरीं जें घडतें तें आमच्या खोलींत घडणार नाहीं असें कोणी म्हणावें?

तेव्हां आम्हीं योजनेचा कागद उलटला, पाठीवर "सामाईक" असें शीर्षक लिहिलें व खालीं रेघा ओढल्या. वीज, डिस्क, पंच, पंचाची किल्ली म्हणजे पासवर्ड, खोलीची थंडाई, बाहेरची लाइन, जुनीं खातीं. प्रत्येकापुढें दोन रकाने: मोडल्यास कोण अडेल, आणि पाहणार कोण. एकेक उपाय निघत गेला. सर्व्हरला विजेचे दोन पुरवठे असतात. ते दोन्ही एकाच यूपीएसला न जोडतां दोन निरनिराळ्या यूपीएसना जोडावे, नाहीं तर दोन असून एकच. डिस्का जोडीनें ठेवाव्या, म्हणजे एक गेली तरी दुसरींत तोच मजकूर असतो. परंतु ही जोडी म्हणजे आरसा होय, प्रत नव्हे. वहींत चुकून पुसलेलें अक्षर आरशांतही पुसलेलेंच दिसतें. म्हणून खरी प्रत दररोज रात्रीं दुसऱ्या गांवीं, परळीच्या शाखेंत, एका लहानशा दुसऱ्या सर्व्हरवर जावी. आणि मोठें यंत्र बसलें तर तेथें चारही बिऱ्हाडें, दाटीवाटीनें कां होईना, उठवितां यावीं. पंचाची किल्ली दोघांजवळ असावी, व तिसरी लाखोट्यांत बंद करून संस्थेच्या तिजोरींत ठेवावी.

मंडळांत यावरून वाद माजला. आमचे एक आडत दुकानदार मित्र म्हणाले, "गुरुजी, तिहींच्या जागीं एक यंत्र घेऊन जे पैसे वांचविले ते तुम्ही परळीस दुसरें यंत्र ठेवून घालवितां. मग वांचलें काय?" प्रश्न रास्त होता. आम्ही म्हणालों, "पैसे थोडेच वांचतील, पण पुन्हा कोणास अकरा दिवस त्या बाकावर बसावें लागणार नाहीं." मग तुळईची गोष्ट सांगितली, आणि दोन वर्षांपूर्वींचा हट्ट आमचा होता हेंही उभें राहून कबूल केलें. ठराव एका मतानें पास झाला.

यंत्र आलें, बिऱ्हाडें लागलीं, आणि एका रविवारीं परीक्षा ठरली. मोठा सर्व्हर मुद्दाम बंद करून परळीच्या लहान सर्व्हरवर सर्वांस उठवावयाचें. हिशेब उठला. लिनक्स उठला. पाटी उठली. म्हातारा उठला नाहीं. त्याची प्रत परळीस कधीं गेलीच नव्हती. रात्रीच्या यादींत त्याचें नांवच नव्हतें. चूक कोणाची म्हणून कागद काढला. पाठीवर आमच्या अक्षरांत "जुनीं खातीं" असें लिहिलेलें होतें, आणि "पाहणार कोण" या रकान्यांत आमच्याच अक्षरांत एक शब्द होता: "सर्व". सभेंत तुळईची गोष्ट रंगवून सांगणाऱ्यानें दुसरी तुळई स्वतःच्या हातानें घातली होती. विद्यार्थी कांहीं बोलला नाहीं; त्यानें लाल शाईचें पेन आमच्यापुढें सरकविलें. आम्हीं "सर्व" हा शब्द खोडून तेथें संस्थेंतील एका लेखनिक मुलीचें नांव घातलें, आणि ती रजेवर असतां कोण पाहणार तेंही लिहिलें.

पुढच्या रविवारीं म्हातारा परळीस उठला. आम्हीं मुद्दाम त्या धारूरच्या बाईचें खातें काढावयास सांगितलें. ठेवीची तारीख, वारसाचें नांव, सारें चार मिनिटांत समोर आलें. आतां दर तीन महिन्यांनीं एक रविवार या परीक्षेस दिला आहे; कारण जी प्रत कधीं उघडून पाहिली नाहीं ती प्रत आहे असें समजणें हें न वाचलेली पोथी पाठ आहे म्हणण्यासारखें होय.

वाचकभगिनीस आमचें उत्तर असें आहे. घरांत सर्व्हर नसेल. परंतु घरादाराचे फोटो, विम्याचे कागद, बँकेची पासबुकें आणि सासूबाईंच्या औषधांची यादी हीं सारीं आज एकाच मोबाइलांत बिऱ्हाड करून राहतात. त्यांचें सामाईक काय, ही यादी एका कागदावर करावी. त्याची दुसरी प्रत दुसऱ्या घरीं, मुलीकडे वा भावाकडे, ठेवावी. आणि ती पाहणार कोण या रकान्यांत "सर्व" असें न लिहितां एका माणसाचें नांव लिहावें. वाटणीपत्रांत कोणास काय मिळालें हें बहुतेक सारे लिहितात. सामाईक काय राहिलें आणि शिडी कोणी लावावयाची, हें लिहिणारे थोडे. आमच्या वाड्याच्या वाटणीपत्राची नक्कल अजून आमच्याजवळ आहे. परवां ती काढून पाहिली. तिच्या पाठीवर पुष्कळ जागा कोरी आहे.